पेट्रोल आहे, पण ठिणगी नाही



१९८८ सालच्या भाद्रपदातली गोष्ट सांगतो. पुरंदर तालुक्यात त्या दिवसांत वाटाण्याची तोड जोरात असते. माझ्या चुलतभावाकडे महिंद्रांची जुनी पेट्रोल पिकअप होती. बोनेट नाही, इंजिन दोन बैठकांच्या मधोमध झाकणाखाली, अशी ती एफ. सी. १५०. मुंबईत जी जीप जुळवली जाऊ लागली, तिच्याच कुळातली ही गाडी. मध्यरात्रीनंतर पोती भरून आम्ही सासवडहून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघालो. पुतण्या चालवत होता आणि मी सोबतीला होतो. दिवे घाटात गाडीने दोन आचके दिले आणि इंजिन गप्प झाले. उतार होता म्हणून ब्रेकवर धरत धरत वडकीपर्यंत आलो. आज मात्र तसे करा असे मी कुणाला सांगणार नाही. गाडी कडेला घ्यावी, चाकाला दगड लावावा, हे बरे.

पेट्रोल होते, स्टार्टर फिरत होता, पण गाडी धरत नव्हती. प्लग काढून पाहिला, तर पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचते आहे, ठिणगी पोचत नाही. इथवर माझे डोके नीट चालले. पुढे मात्र मी अंदाजाच्या मागे लागलो. पाऊस होता, म्हणून ओल शिरली असेल असे वाटले. डिस्ट्रिब्युटरचे झाकण धोतराने पुसले. काही झाले नाही. मग प्लग बदलले. तरी नाही. उजाडल्यावर पुतण्याला दुधाच्या गाडीतून हडपसरला पाठवले आणि कॉइल नवी आणवली. तीही बसवली. गाडी ढिम्म! इकडे पोत्यांत हात घातला तर वाटाणा गरम लागत होता, आणि मी त्या पोरावरच डाफरत होतो, की तुझे गाडीकडे लक्षच नाही.

रस्त्याकडेच्या हॉटेलात एक वृद्ध गृहस्थ चहा पीत होते. लष्करात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ते उठून आले आणि म्हणाले, "गुरुजी, गाडीला आधी काही विचारलंत का? का नुसतंच बदलत सुटलात?"

मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. फळ्यावर प्रवर्तन-वेटोळ्याची आकृती दरवर्षी काढीत असे. तेच वेटोळे माझ्या बैठकीशेजारी बसले होते, आणि त्याला प्रश्न कसा विचारावा हे मला ठाऊक नव्हते. त्या दिवशीची लाज मला अजून आठवते.

आता वीज जाते कुठून ते पाहू. बॅटरी बारा व्होल्टची. तिच्यातून करंट चावीच्या स्विचमधून कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यात येतो, तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटांपर्यंत जातो, आणि पॉइंट मिटलेले असले की गाडीच्या अंगातून बॅटरीकडे परततो. पॉइंट उघडले की हा करंट एकदम तुटतो, कॉइलमधले चुंबकत्व कोसळते, आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्टचा दाब उठतो. तीच ठिणगी. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेले प्रवर्तन ते हेच. मोटारीसाठी त्याची अशी जुळणी चार्ल्स केटरिंगने केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांवर आली. हा केटरिंग तरुणपणी अमेरिकेतल्या खेड्यातल्या शाळेत मास्तर होता, बरं का! चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला दोन हजार फेरे धरले, तर चार हजार वेळा पॉइंटांनी उघडमीट करायची.

हवालदारबाबांनी पहिला प्रश्न विचारला तो कॉइलकडून येणाऱ्या मधल्या जाड वायरीला. झाकणातून ती उपसली, कोरड्या लाकडी चिमट्यात धरली, तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवले आणि पुतण्याला स्टार्टर मारायला सांगितला. इथे निळी, कडकडीत ठिणगी उडाली असती, तर कॉइल आणि पॉइंट निर्दोष ठरले असते आणि दोष झाकणात, रोटरमध्ये किंवा प्लगच्या वायरींत शोधावा लागला असता. ठिणगी उडाली नाही. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये हवी, हात पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर हवा, आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नको. ते प्लग मी मघाशी काढले होते, तिथे पेट्रोल निथळले होते. बाबांनी ते आधी पुसायला लावले आणि वाफ उडून जाईपर्यंत सर्वांना थांबवले.

मग त्यांनी पुतण्याकडून टेल-लाईटचा बल्ब काढून घेतला आणि त्याला दोन वायरी बांधल्या. एक टोक इंजिनच्या लोखंडाला, दुसरे हातात. चावी लावून कॉइलच्या ज्या स्क्रूवर स्विचकडची वायर येते, तिथे टेकवले. बल्ब लागला. म्हणजे बॅटरी, स्विच, वायर ठीक. बल्ब लागला नसता, तर मागे मागे जात जिथे लागतो तिथवर यायचे.

आता कॉइलचा दुसरा स्क्रू, पॉइंटांकडे जाणारा. इथे नीट ध्यान द्या. पॉइंट उघडे असले की बल्ब लागतो. मिटले की करंट सरळ अंगात जातो आणि बल्ब विझतो. इंजिन फिरवताना बल्ब लुकलुकला पाहिजे. मुळीच लागला नाही, तर पॉइंटांकडची वायर त्या स्क्रूवरून सोडवून पुन्हा पाहावे. आता लागला तर कॉइल चांगली आहे; डिस्ट्रिब्युटरमध्ये कुठेतरी करंट अंगाला लागतो आहे, नाहीतर पॉइंट उघडतच नाहीत. तरीही नाही लागला तर कॉइल आतून तुटलेली.

आमचा बल्ब लागला तो लागूनच राहिला. लुकलुक नाही. "म्हणजे पॉइंटांतून करंट अंगात जातच नाही. कॉइलचा काय दोष?" बाबा म्हणाले. मी नव्या कॉइलच्या खोक्याकडे पाहिले नाही. पॉइंटांची तोंडे काळवंडली होती. त्यांनी ती पॉलिश पेपरने घासली, कोऱ्या कागदाच्या घडीने पुसली. या इंजिनाला पॉइंटांत वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर फट लागते. तीही बरोबर होती. बल्ब तरी तसाच.

मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या आतली, बाहेरच्या स्क्रूपासून पॉइंटांपर्यंत जाणारी दोन-अडीच इंचांची वायर चिमटीत धरून हळूच ओढली. ती रबरासारखी लांबली! वरचे कवच शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. वर्षानुवर्षे हादरे खाऊन तुटली असणार. नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसले नसते. हॉटेलवाल्याने जुन्या इस्त्रीच्या वायरीतला तुकडा दिला. ती वायर मऊ, बारीक तारांची असते, म्हणून चालते. जाड एकेरी तार घातली तर ती पॉइंटाची पत्री अडवते आणि पुन्हा तुटते. दहा मिनिटांत बल्ब लुकलुकला, आणि दुसऱ्या स्टार्टरला इंजिन धरले.

यार्डात पोचेस्तोवर लिलाव उरकले होते. वाटाणा पडेल भावाने गेला. कॉइलचे पैसेही गेले. पुतण्याची मी त्याच रस्त्यात माफी मागितली. तो नुसता हसला.

कंडेन्सरबद्दल एक सांगायचे राहिले. पॉइंटांशेजारची ती छोटी डबी बिघडली, तर पॉइंट लवकर जळतात आणि ठिणगी पिवळट, अशक्त पडते. शंका आली तर खात्रीचा कंडेन्सर लावून बघावा; नानापेठेतल्या दुकानांतून घेतलेला नवाही कधी बाद निघतो, म्हणून जुना लगेच फेकू नये. आणि तपासणी चालू असताना चावी विनाकारण लावून ठेवू नये. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापून जाते.

हे सारे पॉइंटांच्या जुन्या गाड्यांपुरते आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाड्यांत दाब फार मोठा असतो. तिथे वायर उपसून ठिणगी पाहू नये, यंत्र जळते आणि माणसालाही इजा होते. पण जुनी जीप अजून शेतावर चालवणारी मंडळी आहेत. त्यांनी बारा व्होल्टचा छोटा बल्ब, हातभर लांबीच्या दोन वायरी, पॉइंटांचा एक संच आणि पॉलिश पेपरचा तुकडा एका डबीत घालून बैठकीखाली ठेवावा. शिक्षकांनी तो बल्ब आधी वर्गात, गॅरेजमधून आणलेल्या जुन्या कॉइलवर लावून दाखवावा. दुय्यम टोकाला मुलांचे हात मात्र जाऊ देऊ नयेत.