हरलेल्यांस खुर्ची
आमच्या कुस्तीच्या फडांत चीत झालेला पैलवान घरीं जातो. मॉरिशस बेटांत मात्र तसें नाहीं. तेथील कायदेमंडळांत 62 सभासद निवडून येतात. वर हरलेल्यांतून आठांपर्यंत आंत घेतात, हिंदु, मुसलमान, चिनी व उरलेली प्रजा यांपैकीं कोणी उपाशी राहूं नये म्हणून. 1982 सालीं मुख्य बेटाच्या साठहि जागा एकाच आघाडीनें मारल्या. सरकारास जाब विचारावयास तेथले जे थोडे उरले ते याच वाटेनें! हें आम्हांस पसंत आहे. पण 2024 सालींहि हिशेब 1972 च्या शिरगणतीवरच झाला, आणि उंसाच्या मळ्यांत राबावयास गेलेल्या आपल्या मराठी कुळांची गणना हिंदूंतच. त्यांचा वाटा कोणाच्या सुपांत पडतो, हें त्यांनीं कोणास विचारावें?