सिलिंडरमधले हवेहवेसे ओरखडे

दुचाकीच्या इंजिनाचा उघडा सिलिंडर बॅटरीच्या उजेडात आतून पाहिला, तर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा दिसतात. नवख्याला वाटतं, फिनिशिंग राहून गेलंय. पण या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. चाकणला बजाज, पिंपरीत टाटा मोटर्स आणि भोसरीत असंख्य छोटी वर्कशॉप्स, या सगळ्या पट्ट्यात होनिंगवाल्याचं, म्हणजे सिलिंडर आतून घासून देणाऱ्याचं, कसब अशाच रेघांवर जोखलं जातं.

पिस्टन धावताना त्याच्यावरची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकतो. वरच्या टोकाला मात्र पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य, त्यात जळत्या वायूची धग आणि दाब. थर तुटायला येतो. भिंत अगदी गुळगुळीत असेल तर तेल धरायला जागाच नसते. धातूला धातू घासतो आणि इंजिन जाम होतं. रेघांच्या खाचांत साठलेलं तेल ही वेळ निभावून नेतं.

म्हणून खडबडीतपणा कसाही चालतो असं नाही. टोकदार उंचवटे थर भेदून रिंग झिजवतात. खाचा फाजील खोल झाल्या तर तेल जळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. यावर उपाय दोन टप्प्यांचा: आधी जाड दाण्याच्या होनिंग स्टोनने खोल रेघा पाडायच्या, मग बारीक स्टोनने नुसते शेंडे उतरवायचे. सह्याद्रीतल्यासारखं वर सपाट पठार, मध्ये दऱ्या. कारखान्यात याला प्लॅटो होनिंग म्हणतात.

खडबडीतपणासाठी ड्रॉइंगवर लिहिलेला एकटा आकडा दगा देतो तो इथेच. रफनेस टेस्टरची हिऱ्याची सुई जॉबवरून काही मिलिमीटर सरकते आणि 'आरए', म्हणजे चढउतारांची सरासरी सांगते. दऱ्यांच्या पृष्ठभागाचा आरए ०.५ मायक्रॉन येऊ शकतो, सुळक्यांच्याही पृष्ठभागाचा तेवढाच. पहिला तेल धरतो, दुसरा रिंग खातो. कोणत्या उंचीवर किती धातू टेकतो याचा आलेख ॲबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ मध्येच मांडला होता. शेंडे आणि दऱ्या वेगळ्या मोजणारी 'आरपीके', 'आरव्हीके' ही मापं आज त्याच आलेखावरून काढतात. छोट्या वर्कशॉपकडून काम करून घेणाऱ्याने ती ड्रॉइंगवर लिहायलाच हवीत. नुसत्या आरएवर जॉब पास करणं धोक्याचं आहे.

चिंचवडच्या एसकेएफसारख्या कारखान्यातल्या बेअरिंगचं गणित वेगळं. गोळी आणि ती जिच्यावर फिरते ती रेस यांच्यातला तेलाचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तिथे बारीकसा उंचवटाही नडतो, म्हणून पृष्ठभाग आरशासारखाच लागतो.

सिलिंडरमध्ये मात्र होनिंगनंतरही थोडे शेंडे उरतात. नवी गाडी पहिले काही शे किलोमीटर दामटू नका, असं सांगतात ते रिंग आणि भिंत एकमेकींवर नीट बसाव्यात म्हणून. त्या काळात तेलात उतरलेला धातूचा कीस पहिल्या सर्व्हिसिंगला तेलाबरोबर काढून टाकला जातो.