कॉम्प्युटरवर चाल बांधणाऱ्याला काय म्हणायचं?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या संगीत समितीतर्फे केलेलं भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावर संगीत समितीतर्फे एखाद्या गायकावर, एखाद्या घराण्यावर बोललं जातं. यंदाचा विषय आम्हाला एका छापील फॉर्मने दिला. कोजागरीला आपण जी स्वररचना स्पर्धा घेतो, तिच्या फॉर्मवर नावाखाली एक ओळ आहे : 'गायक / वादक / संगीतकार, लागू नसेल ते खोडावे.' यंदा चार जणांनी तिन्ही शब्द खोडले. एकाने शेजारी 'प्रोड्यूसर' लिहिलं, दुसऱ्याने 'बीटमेकर', तिसऱ्याने नुसतं 'लॅपटॉप'. चौथीने काहीच लिहिलं नाही. जागा कोरी.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर भाषण कशाला? तर त्या ओळीवर बरंच काही अवलंबून आहे. 'संगीतकार' म्हणून ज्याचा क्रमांक येतो त्याची चाल पुढच्या उत्सवात आपलं गायकवृंद गातं, पत्रिकेत त्याचं नाव वर छापलं जातं आणि मानधनाचं पाकीट मिळतं. 'तांत्रिक साहाय्य' म्हणून जो येतो त्याचं नाव मंडप आणि ध्वनिक्षेपकवाल्यांच्या ओळीत जातं, आणि त्याला नारळ मिळतो. नारळाला आम्ही कमी लेखत नाही. पण दोन्हींत फरक आहे, आणि तो एका शब्दाने पडतो. शिवाय आपल्याच एका ज्येष्ठ सभासदांचं पत्र आलं आहे. बटणं दाबणाऱ्याला संगीतकार म्हटलं तर उद्या मिक्सर लावणाऱ्याला बल्लवाचार्य म्हणाल, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र वाचून आम्ही हसलो, पण ते बाजूला टाकलं नाही.

आधी मुलांनी स्वतः लिहिलेला शब्द घेऊ. प्रोड्यूसर. इंग्रजीत तो आता त्या अर्थाने चालतो : जो सूर निवडतो, ठेका बसवतो, आवाज घडवतो आणि गाणं पुरं करून हातात देतो, तो प्रोड्यूसर. मराठीत मात्र त्याचा 'निर्माता' होतो, आणि निर्माता म्हणजे नाटकाला पैसे घालणारा गृहस्थ. आपल्या कॉपीराइट कायद्यातही ध्वनिमुद्रणाचा 'प्रोड्यूसर' म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. चाल कोणाची, याच्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा तो शब्द मराठी पत्रिकेत छापला तर ज्या मुलाच्या खिशात बसच्या तिकिटाचे पैसे नसतात तो एकदम निर्माता होईल. 'प्रोग्रामर' हा सिनेमाच्या दुनियेतला शब्द आहे आणि तिथे तो ठीक आहे : संगीतकार वेगळा, आणि त्याने सांगितलेलं कीबोर्डवर, कॉम्प्युटरवर बसवून देणारा वेगळा. 'संगीत संयोजक' हाही आपल्या भावगीतांच्या काळापासूनचा चांगला शब्द. चाल दुसऱ्याची, वाद्यमेळ याचा. पण चाल आणि वाद्यमेळ दोन्ही एकाचेच असतील, तर संयोजक म्हणणं म्हणजे अर्धं काम नाकारणं. मग उरतो 'संगणक-संगीतकार'. समितीतल्या दोघांना तो आवडला होता. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

हे काम जुनं आहे, हे आधी सांगायला हवं. आपल्या शेजारी अहमदाबादला, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ साली एक इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि त्यामागे गीता साराभाईंची खटपट होती. गीताबेन पखवाज शिकलेल्या. १९४६ साली जॉन केज यांना भारतीय संगीत समजावून सांगणाऱ्या त्याच. कपाटाएवढ्या त्या यंत्रावर, तारांच्या जंजाळात, आपल्याकडच्या चारपाच जणांनी तीनेक वर्षं रचना केल्या. मग स्टुडिओ थांबला, टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि थेट २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. बडोद्याहून दोन तासांच्या वाटेवर हे घडलं आणि आपल्यापैकी कितीजणांनी ते ऐकलं होतं? मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या वादकाने रोलँडच्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून तबकडी काढली. तेव्हा तिला फारसं कोणी विचारलं नाही. अठ्ठावीस वर्षांनी ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोकांनी त्यांना एका नव्या नृत्यसंगीताचे पूर्वसुरी ठरवलं. ते स्वतःला साधे वादक समजत राहिले.

नाव न देण्याची किंमत काय होते, हे मात्र लंडनच्या एका गोष्टीत नीट दिसतं. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचं शीर्षकसंगीत १९६३ सालचं. चाल रॉन ग्रेनर यांची, कागदावर लिहिलेली, आणि तीही मोघम. ती प्रत्यक्षात आणली डीलिया डर्बिशर या बाईंनी. कॉम्प्युटर नव्हताच. छेडलेल्या एका तारेचा आवाज टेपवर घ्यायचा, टेपचा वेग कमीजास्त करून त्यातून वेगवेगळे स्वर काढायचे, प्रत्येक स्वराची फीत ब्लेडने कापायची आणि एकापुढे एक चिकटवायची. उरलेले आवाज तपासणीच्या यंत्रांतून. ग्रेनरनी ते ऐकलं आणि सहसंगीतकार म्हणून बाईंचं नाव यावं, असा प्रयत्न केला. पण त्या विभागातल्या माणसांची नावं द्यायची नाहीत, असा तिथला नियम होता. ते कारागीर, तंत्राचे लोक. बाई २००१ साली गेल्या. पडद्यावर त्यांचं नाव आलं ते २०१३ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षाच्या भागात.

आता आपल्या त्या कोऱ्या जागेकडे. आम्ही तिघेजण त्या मुलीच्या घरी जाऊन आलो. तिची हरकत नव्हती, आईने चहा-खाकरा केला, आणि आम्ही तिच्या खोलीत तासभर बसलो. ती इंजिनीअरिंगला आहे. लहानपणी चार वर्षं गाणं शिकली, पुढे क्लासची वेळ जमेना म्हणून सुटलं. तिने एका अभंगाला चाल लावली आहे. पडद्यावर आडव्या चौकटी, डावीकडे उभी पेटी काढलेली. प्रत्येक स्वर म्हणजे एक लहानशी पट्टी : ती कुठे सुरू होते, कुठे संपते, आणि पट्टी किती जोरात दाबली. हा जोर ० ते १२७ अशा आकड्यांत मोजतात. १९८३ साली 'मिडी' नावाची जी पद्धत ठरली तिच्यातला हा हिशेब. त्यात आवाज नसतोच, नुसत्या सूचना असतात. एका अर्थाने ते नोटेशनच झालं. आणि नोटेशनचं बडोदेकरांना काय नवल? मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयाने इथे गायनशाळा काढली तीच मुळी लिहून शिकवण्याच्या हट्टाने.

पण गंमत पुढे आहे. यंत्र ते स्वर पेटीसारखे बारा घरांत ठेवतं. तिची चाल दरबारीच्या अंगाची. दरबारीचा गंधार घरात बसत नाही, तो डोलतो. पेटीवर हे जमत नाही म्हणून तर १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती उठायला तीसेक वर्षं गेली. त्या मुलीने काय केलं, तर त्या एका गंधाराखाली एक वाकडी रेघ काढली. रेघ वर गेली की स्वर चढतो, खाली आली की उतरतो. ती रेघ तिने आमच्यासमोर पाच-सहा वेळा पुसली आणि काढली. डोलणं फार झालं की ते रडक्या सिनेमासारखं वाटे, कमी झालं की पेटी. शेवटी तिने आमिर खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि रेघ पुन्हा काढली, थोडी उशिरा सुरू होणारी. मग ठेका. यंत्र मात्रा इतक्या काटेकोर टाकतं की भजनाचा श्वास जातो, म्हणून तिने टाळाचे ठोके एकेक करून केसभर मागेपुढे सरकवले. आमच्यातल्या तबला शिकवणाऱ्या सभासदांनी तिला विचारलं, "अगं, हे तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "काका, आजोबांच्या भजनी मंडळात टाळ असाच वाजायचा."

बटणं तिने दाबली, खरं आहे. एका तासात पुष्कळ दाबली.

मग तयार तुकड्यांचं काय? बाजारात ठेक्यांचे, बासरीचे, सरोदचे तुकडे विकत मिळतात आणि 'बीटमेकर' लिहिणाऱ्या मुलाने ते वापरले आहेत. दुसऱ्याचा सूर घेऊन आपली रचना केली तर ती कोणाची? हा प्रश्नही जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात शब्द आणि स्वर दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. आणि दुसऱ्याच्या स्वररचनेवर आपले शब्द बसवणारा तो कुट्टिकार. बघा, सातशे वर्षांपूर्वी या माणसाला नाव होतं! दर्जा खालचा, पण नाव होतं. आणि आपलं नाट्यसंगीत? १९१६ च्या 'स्वयंवर'ची कित्येक पदं जुन्या बंदिशींवर बेतलेली आहेत. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, जे याच शहरात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले. त्यांना आपण संगीतकार म्हणतो, कारण कोणती बंदीश कोणत्या पदाला, कुठे मोडायची, कुठे थांबायचं, ही निवड त्यांची होती. तयार तुकडा कुठून घेतला ते सांगा आणि त्याचं काय केलं ते ऐकवा, एवढंच त्या मुलाकडे आमचं मागणं आहे. नुसते तुकडे एकापुढे एक ठेवले असतील, तर तो संयोजक. त्यालाही आपल्याकडे बक्षीस आहे.

आता 'संगणक-संगीतकार'. गोविंदराव टेंबे पेटीचे बादशहा. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. त्यांना कोणी 'पेटी-संगीतकार' म्हटल्याचं आम्हाला तरी आठवत नाही. यंत्राचा तानपुरा लावून गाणाऱ्या बाईंना आपण 'यंत्र-गायिका' म्हणत नाही. वादकाला वाद्याचं नाव लागतं : सतारवादक, बासरीवादक. रचणाऱ्याला लागत नाही. तो गुणगुणत रचो, पेटीवर रचो, कॉम्प्युटरवर रचो. कायदाही असाच आहे : संगीत रचतो तो संगीतकार, मग त्याने ते नोटेशनमध्ये लिहिलेलं असो वा नसो. त्यामुळे तो जोडशब्द आम्ही सोडला. तो दिसतो मानाचा, पण पंक्तीत वेगळं पान मांडल्यासारखा आहे.

एक रेषा मात्र आम्ही आखली आहे. आता अशीही साधनं आली आहेत की 'गणपतीवर एक उडतं गाणं कर' असं लिहिलं की मिनिटात गाणं हजर. ते पाठवणाऱ्याला आम्ही संगीतकार म्हणणार नाही. कॉम्प्युटरने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं आपला कायदा १९९४ पासून म्हणतो. न्यायालयात त्याचा अर्थ काय लागायचा तो लागो. आपल्या स्पर्धेत परीक्षक प्रत्येकाला एक साधी गोष्ट सांगतील : ही ओळ बदलून दाखवा, इथे लय अर्धी करा. ज्याने रचलं आहे त्याला कुठे हात घालायचा ते माहीत असतं.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय बसणं बरं नव्हे. आपल्या वाद्यवृंदात वीस वर्षं ऑक्टोपॅड वाजवणारे सभासद आम्हाला भेटले. ते म्हणाले, "मुलांना संगीतकार म्हणा, माझी ना नाही. पण नवरात्रात आधी आम्ही सहाजण जायचो, आता तिघं जातो. बाकीचं लॅपटॉपमधून येतं." याला नावाने उत्तर देता येत नाही. गरब्याच्या मैदानावर काय व्हावं ते आपल्या हातात नाही. आपल्या सभागृहात काय व्हावं ते आहे.

म्हणून समितीने ठरवलं ते असं. फॉर्मवरच्या ओळीत 'संगीत संयोजक' हा चौथा शब्द वाढेल, आणि 'संगीतकार' हा शब्द साधन न विचारता दिला जाईल. खाली वेगळ्या ओळीत साधन लिहायचं : पेटी, गिटार, लॅपटॉप, काय असेल ते. मानधन सारखं. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक रचनेत किमान दोन वादक प्रत्यक्ष वाजवतील, लॅपटॉपवाल्यांच्याही, आणि त्या वादकांचं मानधन मंडळ देईल. खजिनदारांनी मान हलवली आहे, ती होकारार्थी होती असं आम्ही धरून चाललो आहोत. त्या मुलीच्या अभंगाला टाळ तिच्या आजोबांचे सोबती वाजवणार आहेत. पहिली तालीम अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता, वरच्या हॉलमध्ये. ज्यांनी तयार तुकडे वापरले आहेत त्यांनी त्यांची यादी सोबत आणावी, आणि ज्यांनी तिन्ही शब्द खोडले होते त्यांनी नवा फॉर्म कार्यालयातून न्यावा.

गणपती बाप्पा मोरया!