पेशीच्या पटलावरची आवराआवर

विषाणू पेशीत शिरला की पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे बाहेरच्या पटलावर मांडून दाखवते. हे तुकडे ज्या प्रथिनावर मांडले जातात त्याचे नाव एमएचसी वर्ग एक. पहाऱ्यावरच्या टी पेशी तुकडे तपासतात आणि परके आढळले तर ती पेशीच मारून टाकतात. म्हणजे विषाणूला जगायचे असेल तर ही मांडणी उधळून लावणे भाग आहे.

१९९४ मध्ये कापोसी सारकोमा या कर्करोगाच्या गाठींत हर्पिसकुळातला एक विषाणू सापडला. एड्सच्या रुग्णांना हा कर्करोग ग्रासत होता. या विषाणूची उधळून लावण्याची तऱ्हा २००० च्या सुमारास उलगडली आणि ती अनपेक्षित होती. बाधित पेशीत एमएचसी नेहमीसारखे तयार होते, पटलापर्यंत पोचतेही. पण तिथे ठरत नाही. विषाणूची के-३ आणि के-५ ही दोन प्रथिने त्याला झटपट आत ओढायला लावतात आणि लायसोसोमच्या पाचक रसात त्याचा निकाल लागतो. के-५ एवढ्यावर थांबत नाही. टी पेशीला चेतवणारे सीडी-८६ हेही ते पटलावरून उतरवते.

या दोन्ही प्रथिनांचे हत्यार एकच: युबिक्विटिन. हे अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे इवलेसे प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला चिकटवले की त्या प्रथिनाचे भवितव्य बदलते. पेशीतील निकामी प्रथिने याच खुणेने मोडीत निघतात हे दाखवणाऱ्या सीशानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खूण नेमकी कोणाला चिकटवायची हे लायगेज नावाची विकरे ठरवतात. माणसात ती सहाशेहून अधिक आहेत, आणि निवडीची सारी अक्कल त्यांच्याकडेच. पटलावरच्या प्रथिनाला ही खूण त्याच्या पेशीच्या आतल्या बाजूस लोंबणाऱ्या शेपटीवर लागते.

मग प्रश्न आला, विषाणूला ही विद्या आली कुठून? शोध घेतला तेव्हा के-३, के-५ यांची भावंडे माणसाच्याच जनुकसंचात निघाली. चोराच्या मागावर जावे आणि हत्यारे घरमालकाच्याच कपाटात सापडावीत, तसे झाले. अकरा जणांच्या या कुटुंबाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मार्च’ नाव पडले. त्या नावाने पुढे भलताच घोळ घातला. एक्सेलच्या तक्त्यात ‘मार्च-१’ लिहिले की संगणक त्याची १ मार्च ही तारीख करून टाकी. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने हार मानली आणि जनुकाचे नाव ‘मार्चएफ-१’ केले. एक्सेल मात्र २०२३ पर्यंत आहे तसेच राहिले!

मार्च-१ चे खरे घर म्हणजे डेंड्रिटिक पेशी आणि बी पेशी. डेंड्रिटिक पेशी सापडेल तो कण गिळून त्याचे तुकडे एमएचसी वर्ग दोनवर मांडते. शांततेच्या काळात मार्च-१ या वर्ग दोनच्या शेपटीतील लायसिन या एका अमिनो आम्लावर युबिक्विटिन चिकटवत राहते. जुनी मांडणी आत जाते, नवी वर येते. जिवाणूंची चाहूल लागली की मार्च-१ चे उत्पादन घसरते. आता पटलावर जे आहे ते टिकून राहते, म्हणजे संसर्गाच्या घटकेचा पुरावा जपला जातो. सीडी-८६ चाही मुक्काम लांबतो. दाह शमवणारे इंटरल्युकिन-१० आले की मोनोसाइट पेशींत मार्च-१ पुन्हा वाढते आणि मांडणी आवरली जाते.

यावरून वाटेल की मार्च-१ काढून टाकले तर प्रतिकार जोमदार होईल. तसे झाले नाही. मार्च-१ नसलेल्या उंदरांत वर्ग दोनची रेलचेल झाली, पण त्यांच्या डेंड्रिटिक पेशी टी पेशींना चेतवण्यात कमी पडल्या. वेळेवर आवरणे हाही त्या पेशीच्या कामाचाच भाग आहे.

पलीकडच्या टी पेशीकडे पाहिले की चित्र पुरे होते. सीडी-८६ ज्या ग्राहकाला बिलगते तो सीडी-२८, म्हणजे तुकडा ओळखल्यानंतर टी पेशीला मिळणारी दुसरी संमती. सीबीएल-बी हे लायगेज ही संमती अनिवार्य ठेवते. २००० मध्ये दिसले की ते नसलेल्या उंदरांच्या टी पेशी सीडी-२८ वाचूनच चेततात. त्याचे भावंड सी-सीबीएलही सोबत काढले, तर चेतल्यानंतर टी पेशीचा तुकडे ओळखणारा ग्राहक पटलावरून नेहमीसारखा आत जात नाही आणि संदेश लांबत राहतो.

२००७ मध्ये सीबीएल-बी नसलेले उंदीर कर्करोगाच्या गाठी परतवतात हे समोर आले आणि औषध कंपन्यांचे कान टवकारले. सीबीएल-बी रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या आता कर्करोगाच्या रुग्णांवर सुरू झाल्या आहेत. पण सीबीएल-बी नसलेल्या याच उंदरांना स्वतःच्याच ऊतींवर उलटणारे आजार जडत होते. चाचण्यांचे निकाल येतील तेव्हा गाठ किती आक्रसली याच्या बरोबरीने ही बाजूही तपासून पाहावी लागेल.