डाएट चार्टमध्ये न मावणारे



खानदेशातल्या बोदवडला भरलेल्या वैद्यकीय परिषदेत अध्यक्षाने एका जुन्या ग्रीक शब्दाचा कीस काढत बसावे, हे काहींना रिकामटेकडेपणाचे वाटेल. पण तो शब्द आपण रोज रुग्णाच्या हाती देत असतो, फक्त त्याचे हातपाय तोडून. ‘डाएट’चे मूळ ‘दिआइता’. ग्रीकांच्या लेखी दिआइता म्हणजे माणसाची सगळी राहणी: खाणेपिणे, झोप, स्नान, चालणे, कष्ट. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ‘हवा, पाणी, ठिकाणे’ या ग्रंथात परगावी आलेल्या वैद्याला सांगितले आहे की, आधी वारे कुठून वाहतात ते पाहा, पाणी कसले आहे आणि जमीन कशी आहे ते पाहा. मग तिथल्या लोकांची दिआइता पाहा, म्हणजे ती माणसे पिणारी आणि सुस्त आहेत की कष्टाळू आहेत. चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या लगोलग निद्रा येते, आणि कुणाला काय मानवते हे देश-काळाशी बांधलेले असते. कोणी कोणाचे उचलले, हा वाद मला इथे नको. रोग्याला त्याच्या राहणीपासून सुटा काढून तपासता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते, एवढे पुरे.

आता आपल्याकडे पाहा. आपण छापील डाएट चार्ट देतो. त्यात सकाळी अकराला एक फळ आणि दुपारी चारला मोड आलेले मूग असतात. तो कागद ज्या बाईच्या हाती पडतो ती कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे स्वयंपाक उरकून, फडक्यात भाकरी बांधून शेत गाठते आणि एकदाच, ऊन डोक्यावर आल्यावर, बांधावर जेवते. तिने सकाळी मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली असते. जेवण लांबले आणि वर अंगमेहनत झाली, तर साखर घसरते. चक्कर आली की घरचे म्हणतात, ऊन लागले. तिच्या फडक्यातल्या कळण्याच्या भाकरीत दोष नव्हता. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. दोन्ही एकत्र दळणाऱ्या खानदेशी बायकांनी हे प्रकरण केव्हाच निकाली काढले आहे. चूक वेळेची होती, आणि वेळ आपण विचारलीच नव्हती. झोपेचेही तसेच. शेतीची लाईट रात्रीची असली की शेतकरी रात्रभर पिकाला पाणी भरतो. त्याचा रक्तदाब वाढलेला दिसला की आपण मीठ कमी करायला सांगतो. सांगावेच. पण तो झोपला कधी, हे विचारल्यावाचून?

राहणीकडे पाहण्याच्या या आग्रहावर सर्वांत बोचरा आक्षेप खुद्द प्लेटोचा आहे. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात तो हेरोडिकस नावाच्या व्यायामशिक्षकावर तुटून पडतो. याने पथ्यापाण्याचे शास्त्र करून मरण लांबवत नेले, असे तो म्हणतो. सुताराला लांबलचक पथ्य सांगाल, तर आजारी पडायला मला सवड नाही असे म्हणून तो कामाला निघून जाईल. म्हणजे दिआइता हा रिकाम्या, पैसेवाल्या माणसाचा चोचला. प्लेटो सुताराला ओळखतो, हे कबूल. पण त्यातून तो काढतो तो निष्कर्ष, की धडधाकट नसलेल्याने मरून मोकळे व्हावे, मला निर्दय वाटतो. सुताराचे म्हणणे खरे धरले तर दोष पथ्याचा ठरतो, सुताराचा नाही. त्याचे काम हाच त्याच्या राहणीचा मोठा भाग. ते वगळून लिहिलेले पथ्य अपुरे आहे.

दुसरा आक्षेप असा की, हा जुन्या राहणीचा गहिवर आहे. तसे नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात हाच खानदेश होरपळला. तेव्हाच्या राहणीची आरती ओवाळण्यात अर्थ नाही. मी जुने खा म्हणत नाही, आजचे विचारा म्हणतो. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: ओपीडीत रांग लागलेली असताना एवढे विचारायला वेळ कुठून आणायचा? केस पेपरवर वय, वजन, रक्तदाब यांना रकाने आहेतच. त्यांच्याखाली आणखी तीन घाला: काम काय, पहिले जेवण किती वाजता, झोप कधी. हे नर्सताईंनाही भरता येईल. गोळीची वेळ मात्र डॉक्टरांनी ते वाचूनच ठरवावी, आणि हंगाम बदलला की पुन्हा विचारावे, कारण वेचणी संपल्यावर त्याच बाईच्या जेवणाची वेळ बदललेली असते.