नामांकित की मानवणारे?
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका ज्ञातिबंधू डॉक्टरांनी केलेले भाषण)



गौरवाच्या प्रसंगी उपदेशाचे चार शब्द सांगविण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. मी उपदेशाचा अधिकारी नव्हे; तीसएक वर्षे रोगी तपासण्यात घालविलेला साधा डॉक्टर आहे. तेव्हा उपदेशाऐवजी एक अनुभव सांगतो. तो मी आजवर घरीही कधी उच्चारलेला नाही.

त्या काळी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळत असे. माझे गुण चांगले होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात जावे, असे माझ्या मनात होते. पण वडिलांनी मुंबईतील एका नामांकित महाविद्यालयाचे नाव उच्चारले आणि प्रश्न मिटला. गावभर पेढे वाटले गेले. पुढे दीड वर्षाने मी शरीररचनाशास्त्रात नापास झालो. तालुक्याच्या मराठी शाळेतून आलेला, भिडस्त स्वभावाचा मुलगा मी. दोनशेंच्या वर्गात मागच्या बाकावर बसे आणि शंका मनातच ठेवी. सहा महिने मागे पडलो, ही गोष्ट वडिलांना मी कळविली नाही. ते गेले तेव्हाही त्यांना ती ठाऊक नव्हती.

दोष त्या संस्थेचा होता, असे मी म्हणणार नाही. माझीच पुतणी आज तशाच गर्दीच्या महाविद्यालयात आनंदाने शिकत आहे. रोग्यांची रीघ पाहिली की तिला हुरूप येतो. उलट, माझ्याइतकेच गुण मिळालेला माझा वर्गमित्र जिल्ह्याच्या ठिकाणी गेला. तेथे प्राध्यापक त्याला नावाने ओळखत. आंतरवासितेच्या वर्षात त्याने स्वतःच्या हातांनी जितकी कामे केली, तितकी मी मोठ्या रुग्णालयात केवळ दुरून पाहिली.

कीर्ती निराधार असते असे नव्हे. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले. इतक्या जुन्या संस्थेच्या नावामागे पिढ्यांचे श्रम असतात. परंतु कीर्तीपलीकडे पाहणारेही आपल्याकडे होऊन गेले. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून १९२६ साली परळला महाविद्यालय निघाले, ते अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर. त्या दिवशी त्याला कसली कीर्ती होती? गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला महाविद्यालय काढले. तेथे विद्यार्थी खादी वापरतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. ज्याला खेड्यात काम करावयाचे आहे त्याला ते तीर्थक्षेत्र वाटेल. ज्याचे मन प्रयोगशाळेत रमते त्याला कदाचित वाटणार नाही. संस्था तीच, विद्यार्थी निराळा.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण दुहेरी बोध देते. १८८३ साली त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. स्त्रीला तेथे मोकळेपणाने शिकता येत होते, म्हणून ती निवड योग्यच होती. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. मात्र तेथील थंडी त्यांच्या प्रकृतीस मानवली नाही आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे पुण्यात निधन झाले. विद्या मानवली तरी हवा, अन्न आणि निवास मानवतातच असे नाही. त्यांचाही विचार आधी करावा लागतो.

आज 'नीट' परीक्षेच्या गुणवत्तेवर प्रवेश होतात आणि पसंतिक्रम विद्यार्थ्याने स्वतः भरावयाचा असतो. पालकहो, तो अर्ज आपण त्याच्या हातातून काढून घेऊ नका. केंद्र सरकारची मानांकन यादी अवश्य पाहा. परंतु तिच्यात संशोधन आणि लोकमत यांनाही गुण असतात, आपल्या मुलाच्या स्वभावाला नसतात. जमल्यास एक दिवस त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभे राहा. तेथे शिकणाऱ्या मुलांना चार प्रश्न विचारा: रोग्याला हात लावावयास केव्हा मिळतो? शिक्षक शंका ऐकतात का? वसतिगृहात जागा आणि अन्न कसे आहे? एकूण खर्च किती, आणि सेवेचा करार किती वर्षांचा? साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता, एवढा काळ आपले मूल तेथे राहणार आहे. पेढे एका दिवसात संपतात.

आणि विद्यार्थिमित्रांनो, निवड चुकली तर लपवू नका. मला त्या सहा महिन्यांचे दुःख आता उरलेले नाही. वडिलांना सांगण्याइतका विश्वास मी त्यांच्यावर टाकला नाही, याचे दुःख मात्र अद्याप आहे. ते रागावले असते. पण पुढच्याच गाडीने मुंबईला आले असते, हे मला आज स्वतः बाप झाल्यावर कळते.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. पुढील वर्षी सत्कारासाठी नावे पुकारताना महाविद्यालयाचे नाव मागाहून वाचावे, मुलाचे आधी.