बुडणाऱ्या कर्जाचा आगाऊ अंदाज



गावच्या वाण्याची उधारीची वही आपण सर्वांनीच पाहिलेली असते. दिवाळीला तो येणे मोजायला बसतो. वहीत बेरीज येते, समजा, चाळीस हजार. पण तो मनाशी धरतो छत्तीसच. कोणाचे चार हजार बुडणार हे त्याला नावानिशी ठाऊक नसते, पण काही बुडणार एवढे पक्के ठाऊक असते. बँकांचा हिशेब पुष्कळ वर्षे या वाण्याइतकाही सावध नव्हता असे म्हटले, तर बँकेतले माझे स्नेही रागावतील. पण गोष्ट खरी आहे.

जुनी रीत अशी, की कर्ज थकल्याचा पुरावा दिसला म्हणजे मग तोटा धरायचा. आपल्याकडे मार्च २००४ पासून नव्वद दिवसांहून अधिक थकलेले कर्ज अनुत्पादक ठरू लागले. अल्पमुदतीच्या पिकांच्या कर्जाला दोन हंगामांची मुभा. चांगल्या कर्जावरही थोडी तरतूद करावी लागे, पण ती सरसकट, ठरीव टक्क्यांनी. २००८ साली अमेरिकेत व युरोपात बँका कोसळू लागल्या, तेव्हा या रीतीतला दोष उघडा पडला. तोटा उशिरा दिसला आणि दिसला तो एकदम. एप्रिल २००९ मध्ये लंडनला जी-२० राष्ट्रांनी नियम सुधारण्याची मागणी केली. त्यातून जुलै २०१४ मध्ये हिशेबाचे नवे आंतरराष्ट्रीय मानक, क्रमांक नऊ, पुरे झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले.

आता त्यातले गणित पाहू. शिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावे, अवघड नाही. बँकेने शंभर शेतकऱ्यांना पंपासाठी कर्ज दिले आहे. अनुभव असा, की वर्षाला शंभरांतले तीन हप्ते थकवतात. थकवतील तेव्हा प्रत्येकाकडे चाळीस हजार येणे राहील आणि तारण वगैरे विकून त्यातले चोवीस हजार वसूल होतील. म्हणजे माणशी सोळा हजार बुडाले. तिघांचे अठ्ठेचाळीस हजार. एकही हप्ता चुकलेला नसताना बँकेने ही रक्कम नफ्यातून बाजूला काढायची. मात्र ते चोवीस हजार दोन वर्षांनी हाती येणार असतील, तर दहा टक्के व्याजाने त्यांची थकल्या दिवशीची किंमत एकोणीस हजार आठशेच्या आसपासच भरते. उशिरा आलेला पैसा हा कमी पैसा, हेही हिशेबात धरावे लागते.

इथे एक चूक नेहमी होते. ‘बारा महिन्यांचा तोटा’ म्हणजे बारा महिन्यांत प्रत्यक्ष न आलेला पैसा नव्हे. पुढच्या बारा महिन्यांत जे थकतील, त्यांच्यापायी होणारा सगळा तोटा, मग तो कधीही होवो.

बरे, पाऊस दडी मारून बसला, जोखीम पूर्वीपेक्षा ठळकपणे वाढली, तर कर्ज दुसऱ्या पायरीवर जाते. हप्ता तीस दिवस थकला तरी सामान्यतः असेच मानतात. या पायरीवर वर्षाचा नव्हे, तर उरलेल्या सगळ्या मुदतीचा अंदाज धरायचा. समजा, त्या मुदतीत वीसजण थकवतील. बाकी आकडे तेच ठेवले, तर अठ्ठेचाळीस हजारांचे तीन लाख वीस हजार होतात! तिसरी पायरी प्रत्यक्ष थकलेल्यांची. अमेरिकेने पायऱ्या ठेवल्याच नाहीत. तिथे पहिल्या दिवसापासूनच पूर्ण मुदतीचा अंदाज.

भाकीतही एकच करून चालत नाही. पाऊस बरा, मध्यम, वाईट, अशा तीन कल्पना करून प्रत्येकीला तिच्या संभवाप्रमाणे वजन द्यायचे. मध्यम वर्षाला निम्मे वजन, तोटा अठ्ठेचाळीस हजार; चांगल्याला तीस टक्के, तोटा वीस हजार; दुष्काळाला वीस टक्के, तोटा दीड लाख. उत्तर येते साठ हजार. बहुधा जे होईल त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे, कारण दुष्काळ क्वचित येतो, पण आला म्हणजे सगळे धुऊन नेतो. कोरडवाहू भागात हे कोणाला समजावून सांगायला नको.

मला धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ही जोखीम पुष्कळदा माणसागणिक नव्हे, तर गटागटाने मोजली जाते. एखादा तालुका लागोपाठ दोन वर्षे होरपळला, तर तिथल्या वेळेवर हप्ता भरणाऱ्या शेतकऱ्याच्या कर्जापोटीही जादा तरतूद लागेल, आणि पुढचे कर्ज देताना बँकेचा हात आखडेल. गणिताचा यात दोष नाही. पण गट कसे पाडले हे बँकेला कोणीतरी विचारले पाहिजे. उलट बाजूही आहे. तोटा लपवून फुगवलेल्या नफ्याची किंमत शेवटी ठेवीदार मोजतो, आणि ठेवीदारही गावातलाच असतो.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये या पद्धतीचा मसुदा काढला व १ एप्रिल २०२७ ही तारीख सुचवली. तो व्यापारी बँकांसाठी आहे. गावच्या विकास सोसायटीला तो लागू नाही.

आणि हो, एक गैरसमज आताच दूर केलेला बरा. बँकेने तरतूद केली म्हणजे कर्ज माफ झाले असे नव्हे. ती बँकेच्या वहीतली नोंद आहे. कर्जदाराच्या नावावरचे येणे पै न् पै तसेच राहते.